दादाच्या तलवारीवर नाव घालायचंय: डायब्लो टू ची सेव्ह फाइल आणि बिटांची भानगड

कुंभारगल्लीकर | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण आधी घरची गोष्ट सांगतो. नाहीतर मी एवढा का अडून बसलोय ते कळायचं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा दादाचा जुना कॉम्प्युटर तळमजल्यावर होता. हार्ड डिस्क गेली ती गेलीच. गेल्या महिन्यात आई माळा आवरत होती, तिला जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात एक सीडी सापडली. वर स्केचपेनानं दादाचं अक्षर: "गेम बॅकअप. हात लावू नये." आत डायब्लो टू ची डीटूएस फाइल, म्हणजे खेळाची सेव्ह फाइल. बार्बेरियन, लेव्हल ८३, नाव तांबडा. (गेममध्ये इंग्रजीतच, सहा अक्षरं.)

आता पापाची कबुली. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत असेल, पाचव्या अ‍ॅक्टमध्ये निहलाथाकला मारलं की आन्या तुमच्या एका वस्तूवर तुमचं नाव घालून देते. भांड्यावर घालतात तसं. एका डिफिकल्टीत एकदाच. दादानं निहलाथाकला मारला, क्लासची वेळ झाली म्हणून तसाच उठून गेला. मी तेव्हा चौथीत. खुर्चीवर बसलो, आन्यावर क्लिक केलं आणि हाताला लागली ती साधी पांढरी टोपी तिला दिली. दादा तलवारीवर नाव घालणार होता. आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

तर मला टोपीवरचं नाव काढून तलवारीवर घालायचंय. ऑनलाइन खेळायचं नाहीये, नुसती फाइल दादाला पाठवायचीय.

आतापर्यंतची प्रगती: हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला प्रत्येक बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवतो तो प्रोग्राम) फाइल उघडली. पहिले चार बाइट ५५ एए ५५ एए, पुढे ६०, म्हणजे दशमानात ९६. वस्तूंच्या यादीच्या सुरुवातीला जेएम ही अक्षरं आणि मग वस्तूंची संख्या. प्रत्येक वस्तू परत जेएमनंच सुरू होते. इथवर छान. पण अंगठीचा कोड आरआयएन आणि एक स्पेस असा असतो म्हणतात, तो शोधला तर फाइलभर कुठंच नाही! दादाच्या दोन्ही बोटांत अंगठ्या आहेत. मग गेल्या कुठं?

---

नुसता_वाचक | शनिवार, रात्री ११:१५

भावा, तयार एडिटर मिळतात की. दहा मिनिटांचं काम. कशाला डोकं फोडून घ्यायलास?

---

कुंभारगल्लीकर | शनिवार, रात्री ११:२२

माहीत आहे. पण चूक मी माझ्या हातानं केलेली, निस्तरायची पण माझ्याच हातानं. आणि आत नक्की काय आहे ते बघायची खाज आहेच.

---

सव्वाबाइट | रविवार, सकाळी ७:४०

अंगठ्या तिथंच आहेत, तू बाइटच्या चष्म्यातून बघतोयस म्हणून दिसत नाहीत.

ही फाइल २००० सालच्या गेमची वंशज आहे. डिस्क आणि मोडेम दोन्हींची काटकसर करायची, म्हणून लिहिणाऱ्यांनी वस्तूंची माहिती बाइटमध्ये नाही, सुट्या बिटांत कोंबली (आठ बिटांचा एक बाइट, बिट म्हणजे नुसतं ० किंवा १). "ओळखली आहे का" याला एक बिट. "सॉकेट (खडे बसवायची भोकं) आहेत का" याला एक बिट. कुठल्या रकान्यात ठेवलीय त्याला चार बिट. सगळं एकाला एक चिकटून. तुझी ९६ ही आवृत्ती १.१० पासून १.१४डी पर्यंतच्या गेमची. तिच्यात वस्तूचा कोड जेएमच्या पहिल्या बिटापासून मोजलं तर ७६ व्या बिटाला सुरू होतो. ७६ भागिले ८ किती? साडेनऊ. म्हणजे तुझं पहिलं अक्षर बाइटच्या मध्येच सुरू होतंय, अर्धं या बाइटात, अर्धं पुढच्या.

कागदावर करून बघ. तुझी चार अक्षरं हेक्समध्ये ७२, ६९, ६ई आणि स्पेसचे २०. बिट उजवीकडून, म्हणजे लहान किमतीकडून भरत जातात. म्हणून ७२ मधला २ पहिल्या बाइटच्या वरच्या अर्ध्यात बसतो, ७ पुढच्या बाइटच्या खालच्या अर्ध्यात. मग ६९ चा ९ त्या ७ च्या डोक्यावर. असं करत गेलं की फाइलमध्ये दिसतं:

२? ९७ ई६ ०६ ?२

प्रश्नचिन्हं म्हणजे शेजाऱ्यांचे बिट. आता ९७ ई६ ०६ शोध. दोनदा सापडलं पाहिजे.

---

कुंभारगल्लीकर | रविवार, सकाळी ८:०५

दोनदा सापडलं!! ताई, चहा गार झाला इथं. नाद खुळा.

---

निवृत्त_लेजर | रविवार, सकाळी ९:३०

आमच्या वेळी प्रत्येक रेकॉर्डची लांबी ठरलेली असे. ऐंशी म्हणजे ऐंशी. हा पोरखेळ वाचून मौज वाटली. इथे वस्तूची लांबी कुठे लिहिलेली असते?

---

सव्वाबाइट | रविवार, सकाळी १०:१०

लेजरकाका, कुठंच लिहिलेली नसते, आणि सगळी गंमत नि सगळा ताप तिथंच आहे. साधं औषधाचं पोशन १४ बाइटांत संपतं. अंगठी किती घेईल ते तिच्यावर काय काय गुण आहेत यावर अवलंबून. वाचत वाचत जायचं आणि संपलं की थांबायचं. मध्ये एक बिट चुकला की तिथून पुढचं सगळं भलतंच वाचलं जातं.

वाचायचा नियम साधा आहे. कितवा बिट हवा तो आकडा घे, ८ नं भाग. भागाकार म्हणजे कितवा बाइट, बाकी म्हणजे त्या बाइटमधला कितवा बिट, उजवीकडून. अनेक बिटांची संख्या वाचताना पहिल्या बिटाची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४. हे एक फंक्शन नीट लिहिलं की अर्धं काम झालं.

कोडनंतर मोठ्या वस्तूंचा क्रम असा: सॉकेटमध्ये भरलेल्या खड्यांची संख्या ३ बिट, वस्तूचा ओळख क्रमांक ३२ बिट, वस्तूची लेव्हल ७ बिट, दर्जा ४ बिट. दर्जा ४ म्हणजे निळी, ६ म्हणजे पिवळी रेअर, ७ म्हणजे सोनेरी युनिक. मग एक बिट विचारतो "चित्रं अनेक आहेत का", हो असेल तर आणखी ३. अजून एक बिट, हो असेल तर ११. मग दर्जाप्रमाणे उपसर्ग-प्रत्ययांचे क्रमांक. नाव घातलेलं असेल तर त्यानंतर नाव, एका अक्षराला ७ बिट, शेवटी शून्य. मग एक सुटा बिट. चिलखत-टोपीला संरक्षणाचा आकडा, झिजणाऱ्या वस्तूंना टिकाऊपणाचे आकडे. आणि सगळ्यात शेवटी गुणांची यादी: ९ बिटांत गुणाचा क्रमांक, मग त्याची किंमत, पुन्हा ९ बिट, पुन्हा किंमत. क्रमांक ५११ आला, म्हणजे नऊच्या नऊ बिट १, की वस्तू संपली. उरलेला बाइट शून्यांनी भरून पुढची वस्तू नव्या बाइटवर.

कुठल्या गुणाला किती बिट ते गेमच्याच पोटात आहे. गेमचा डेटा ज्यात भरलेला असतो त्या एमपीक्यू फायलींमध्ये आयटमस्टॅटकॉस्ट नावाचा टेक्स्ट तक्ता आहे, टॅब देऊन रकाने केलेला.

---

बटणदाब्या | रविवार, दुपारी १२:४५

अवांतर: गेम बॉयच्या पोकेमॉन रेडमधला मिसिंगनो, म्हणजे गेममधल्या चुकीमुळं दिसणारा पोकेमॉन, आठवला. तो दिसला की पिशवीतली सहावी वस्तू एकदम १२८ नी वाढायची. आम्ही रेअर कॅन्डी सहाव्या नंबरला ठेवून बसायचो. कॉलेजात गेल्यावर कळलं की त्या वस्तूच्या संख्येचा बाइट आहे, त्याचा सगळ्यात वरचा बिट चुकून १ व्हायचा. "हा पोकेमॉन पाहिला" अशी खूण करायला गेम जायचा आणि खूण पडायची पिशवीत. बिटांची ताकद मला तिथं कळली, डिग्रीत नव्हे.

---

कुंभारगल्लीकर | रविवार, रात्री ९:२०

पायथॉनमध्ये वाचक लिहिला. पहिली अंगठी पूर्ण वाचली, ५११ पण मिळाला, पुढचा जेएम बरोब्बर जागेवर. पण अंगठीवर जादुई वस्तू सापडण्याची शक्यता, गुण क्रमांक ८०, माझा प्रोग्राम १२० टक्के सांगतोय. दादा फोनवर म्हणाला वीस होती, एवढी भारी अंगठी असती तर मी शाळा सोडली असती. कुठं चुकलो?

---

उद्यमनगरी_टर्नर | रविवार, रात्री १०:००

प्रोग्रामिंगमधलं मला काय कळत नाही, पोरगं वाचत होतं म्हणून मीपण वाचतोय. पण हे आमच्याकडं रोजचं आहे राव. व्हर्निअर घेतला, जबडे पूर्ण मिटवले, तरी शून्यावर येत नाही, समजा ०.०४ दाखवतोय. त्याला झिरो एरर म्हणतात. मग जॉबचं माप घेतलं की प्रत्येक मापातनं ०.०४ वजा करायचे. तुझ्या मापट्यात १०० ची झिरो एरर दिसतीय.

---

सव्वाबाइट | रविवार, रात्री १०:२५

टर्नरभाऊंनी तक्ता न बघता सांगितलं! त्या तक्त्यात दोन शेजारी रकाने आहेत. सेव्ह बिट्स म्हणजे किती बिट, आणि सेव्ह अ‍ॅड म्हणजे लिहिताना किती मिळवायचे. गुण ८० ला ८ बिट आणि मिळवायचे १००. म्हणून २० ची १२० झाली. वाचताना १०० वजा कर.

फरक एवढाच की इथली झिरो एरर मुद्दाम ठेवलीय. काही वस्तू गुण कमी करतात, ऋण आकडा लिहायची सोय हवी. आठ बिटांत ० ते २५५ मावतात, शंभर वजा केले की उणे १०० ते १५५. ताकदीला मिळवायचे ३२, आगीपासून बचावाला ५०. प्रत्येकाचं वेगळं.

---

नुसता_वाचक | रविवार, रात्री १०:४०

मग ५०० टक्के करून टाक की, दादा खूश.

---

सव्वाबाइट | रविवार, रात्री १०:४४

मावणार नाही. १५५ च्या वर आठ बिटांच्या भांड्यात जागाच नाही. जबरदस्तीनं जास्तीचे बिट लिहिलेस तर गेम आठच वाचणार आणि पुढचे बिट गुणाचा क्रमांक म्हणून घेणार.

---

निवृत्त_लेजर | सोमवार, सकाळी ६:५५

पण मुळात हे फसवणुकीत मोडत नाही का? ज्याने कष्टाने लेव्हल मिळवली त्याच्या नोंदीत खाडाखोड?

---

बटणदाब्या | सोमवार, सकाळी ९:१०

काका, ज्याची नोंद त्याच्याच भावाला परत जायचीय. बॅटलनेटवरच्या (ब्लिझार्ड कंपनीची ऑनलाइन खेळायची सेवा) बंद सर्व्हरवरची कॅरॅक्टरं ब्लिझार्डच्या सर्व्हरवरच असतात, त्यांना इथून हातसुद्धा लागत नाही. ही घरच्या डिस्कवरची आहे. तालमीत एकटा जोर मारताना कुणी दोन जास्त मोजले तर पंचाला काय त्याचं?

---

कुंभारगल्लीकर | मंगळवार, रात्री ११:०५

अंगठ्या झाल्या, पट्टा झाला, टोपी झाली (टोपीवरचं नाव वाचलं तेव्हा जरा कसंतरीच झालं). पण तलवारीवर गाडी अडलीय. पिवळी, रेअर. पहिला गुण १९, अचूकता, तो ठीक. दुसरा ५४, गारठ्याची किमान इजा, ६. तीपण ठीक. आणि तिसरा गुण माझा प्रोग्राम म्हणतो १४, म्हणजे सोनं! तलवारीवर २,२०,४३,९७९ इतकं सोनं. त्यानंतर नुसता कचरा, पुढचा जेएम जागेवर नाही.

पुढचा जेएम शोधून तिथून परत सुरुवात केली तर चालतंय, बाकीच्या वस्तू वाचता येतात. तसंच करू का?

---

सव्वाबाइट | बुधवार, सकाळी ७:१५

जेएम शोधून उडी मारायची नाही. ते फक्त आपण बरोबर आहोत ना हे तपासायला. ती दोन अक्षरं एखाद्या वस्तूच्या पोटात योगायोगानं पण येऊ शकतात. शिवाय तुला त्याच तलवारीत लिहायचंय, तीच न वाचता?

एकतर लेव्हल ८३ च्या माणसाला अंगावर ८,३०,००० च्या वर सोनं नेता येत नाही, लेव्हलला दहा हजार असा हिशोब आहे. तेव्हा दोन कोटींची तलवार खोटी. पण तो आकडा फेकून देऊ नकोस, खरी तलवार त्याच्या आत आहे. तू इथं दोन चुका एकदम केल्यास.

पहिली: गारठ्याची इजा तीन आकड्यांची असते, किमान, कमाल आणि वेळ. तिन्ही मिळून क्रमांक एकदाच, ५४. त्यामागं ८ बिट किमान, ९ बिट कमाल, ८ बिट वेळ, मध्ये क्रमांक नाही. आग ४८ वर, वीज ५० वर, त्यांच्या जोड्या. विष ५७ वर, त्याचेही तीन. तू किमान वाचलीस आणि पुढचे नऊ बिट क्रमांक समजलास. ते कमाल इजेचे होते. म्हणजे तलवारीची इजा ६ ते १४, आणि तुला १४ नंबरचा गुण "दिसला".

दुसरी: १४ ला सोनं म्हणून तू २५ बिट वाचलेस. ते २५ बिट कॅरॅक्टरच्या स्वतःच्या आकड्यांच्या विभागातले, जीएफपासून सुरू होतो तो. तिथं रुंदीचा रकाना वेगळा आहे, वस्तूंचा वेगळा. तू दोन्ही एकाच तक्त्यात मिसळलेस ना? ताकद बघ: कॅरॅक्टरच्या विभागात १० बिट, वस्तूवर ८. तुझ्या नशिबानं आतापर्यंतच्या एकाही वस्तूवर ताकद नव्हती.

आता ते २,२०,४३,९७९ उलगड. २५६ नं भाग, बाकी ७५. गेम सेकंदाला २५ फ्रेम चालतो, म्हणजे ३ सेकंद गारठा. भागाकार ८६,१०९. त्याला ५१२ नं भाग, बाकी ९३, म्हणजे वाराचा वेग. भागाकार उरला १६८. वाराच्या वेगाला ७ बिट, म्हणजे १२८ नं भाग: बाकी ४०, त्यातून सेव्ह अ‍ॅडचे २० वजा, वेग २० टक्के. आणि वर उरलेला १ हा ५११ चा पहिला बिट.

अचूकता, ६ ते १४ गारठा ३ सेकंद, २० टक्के वेग. दादाला विचार.

---

कुंभारगल्लीकर | बुधवार, सकाळी ७:५८

विचारलं. तिकडं पहाट होती, तरी उचलला. म्हणाला "हो, निळी चमकायची, राक्षस हळू चालायचे." अंगावर काटा आला ओ ताई. पाण्यात बुडालेली तलवार एका चुकीच्या आकड्यातनं बाहेर काढलीत.

---

उद्यमनगरी_टर्नर | बुधवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत पोराला घेऊन कॅल्क्युलेटरवर केलं. जुळलं. लई भारी.

---

सव्वाबाइट | बुधवार, रात्री ९:०५

आता लिहायचं. पण आधी एकही बदल न करता. फाइल वाच, तुझ्या प्रोग्रामच्या आतल्या रचनेतून परत बिट तयार कर, नवी फाइल लिही, आणि जुनीशी बाइटला बाइट ताडून बघ. एक बाइट जरी वेगळा आला तरी पुढं जायचं नाही.

---

कुंभारगल्लीकर | बुधवार, रात्री ११:४०

वेगळा आला. एक नाही, जवळजवळ प्रत्येक वस्तूत. जेएमपासूनचा सहावा-सातवा बाइट.

---

सव्वाबाइट | गुरुवार, सकाळी ७:०२

अर्थ माहीत नसलेले बिट शून्य केलेस. ४३ ते ५७ हे पंधरा बिट बघ, त्याच बाइटांत पडतात. त्यांचा अर्थ तुला ठाऊक नसला तरी ते तुझे नाहीत. जसे आले तसे एका डब्यात ठेव आणि तसेच परत लिही. पाहुण्याच्या सामानाची पिशवी उघडून आवरत नाहीत.

---

कुंभारगल्लीकर | गुरुवार, रात्री १०:३०

आता बाइटला बाइट जुळतंय. मग खरा बदल केला. टोपीचा ४० वा बिट, "नाव आहे", तो शून्य केला आणि नाव काढलं. तलवारीचा ४० वा बिट १ केला, आणि उपसर्ग-प्रत्ययांनंतर नाव घातलं. सहा अक्षरं आणि शेवटचं शून्य, सात गुणिले सात, ४९ बिट. तलवार ३९ बाइटांची होती, ४५ ची झाली. टोपी ३१ ची २५. गेम चालू केला, कॅरॅक्टर निवडलं, आणि गेम घ्यायला तयार नाही.

---

बटणदाब्या | गुरुवार, रात्री १०:५२

चेकसम, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालाय का ते पकडणारी बेरीज. ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासून शून्यानं मोजलेला बाइट) १२ ते १५. आधी ते चार बाइट शून्य कर. बेरीज शून्यापासून सुरू. प्रत्येक बाइटला: बेरीज एक बिट डावीकडे फिरव, डावीकडून पडलेला बिट उजवीकडं परत घे, मग त्यात बाइट मिळव. म्हणजे बेरीज ५ आहे आणि पुढचा बाइट ३, तर पाचाचे दहा, दहा नि तीन तेरा. साधी बेरीज असती तर दोन बाइटांची अदलाबदल पकडली गेली नसती, फिरवल्यामुळं क्रमालाही किंमत येते.

पायथॉनमध्ये हमखास फसतात ते इथं: त्याच्या संख्या फुगत जातात, ३२ बिटांवर थांबत नाहीत. प्रत्येक पायरीला खालचे ३२ बिटच ठेव. मी जावात केलं होतं तेव्हा उलट, तिथं बाइट ऋण निघतो, २५५ चा उणे १ होतो. दोन रात्री गेल्या होत्या.

आणि हो, लिहिताना लहान टोक आधी. हेडरचे ५५ एए ५५ एए वाचायला एए५५एए५५ असतात तसंच.

---

कुंभारगल्लीकर | गुरुवार, रात्री ११:३१

चाललं!!! तांबडा छावणीत उभा आहे, शेकोटी जळतीय, तलवारीवर माऊस नेला की वर नाव. टोपी कोरी. स्क्रीनचा फोटो दादाला पाठवला. सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचे विशेष. धागा इथं थांबवायला हरकत नाही.

---

मंडई_कॉर्नर | शुक्रवार, सकाळी ११:२०

वाचनखूण साठवली. माझी फाइल डायब्लो टू च्या नव्या रूपाची, रिसरेक्टेडची आहे, २०२१ वाली. आवृत्तीच्या जागी ९७. हेच चालेल का?

---

सव्वाबाइट | शुक्रवार, दुपारी २:१५

हेडर ओळखीचं वाटेल, वस्तू नाहीत. तिथं प्रत्येक वस्तूआधीचा जेएम काढून टाकलाय, फक्त यादीच्या सुरुवातीला उरलाय. आणि कोडची चार अक्षरं ८-८ बिटांची नाहीत, हफमन कोडिंगमध्ये आहेत: नेहमी येणाऱ्या अक्षराला थोडे बिट, क्वचित येणाऱ्याला जास्त. ९७ ई६ ०६ शोधून काही मिळणार नाही. वेगळा धागा काढा, इथं घुसळण नको.

---

कुंभारगल्लीकर | शनिवार, रात्री ९:४५

धागा थांबत नाहीये.

दादाचा व्हिडिओ कॉल आला होता. अर्धा तास नुसता तलवार बघत बसला. मग पेटी उघडायला लावली, टोपीवर माऊस न्यायला लावला, आणि म्हणाला, "इथलं का काढलंस? ते तू घातलं होतंस ना?" मी म्हटलं अरे तीच तर चूक होती. तर म्हणे, "माहीत आहे. परत घाल."

म्हणून बॅकअपमधून टोपीचं नाव परत आणलं, तलवारीचं तसंच ठेवलं. चेकसम नव्यानं काढला. तीनदा तपासला, बरोबर आहे. आणि गेम परत घेत नाहीये! गुरुवारी चाललेलाच प्रोग्राम, एक ओळ बदललेली नाही.

---

सव्वाबाइट | शनिवार, रात्री १०:०३

ऑफसेट ८ ला काय आहे?

---

कुंभारगल्लीकर | शनिवार, रात्री १०:११

फाइलची लांबी. अरे देवा. गुरुवारी टोपी सहानं घटली आणि तलवार सहानं वाढली, फाइल होती तेवढीच राहिली. लांबी लिहायची ओळ मी कधी लिहिलीच नव्हती, आणि कळलंच नाही. आता सहा बाइट खरंच वाढलेत.

---

सव्वाबाइट | शनिवार, रात्री १०:१४

आधी लांबी, मग चेकसम. उलटं केलंस तर चेकसम जुन्या लांबीचा निघेल.

---

कुंभारगल्लीकर | शनिवार, रात्री १०:२६

झालं. दोन्हींवर नाव आहे. फाइल पाठवली त्याला, आणि सीडीवर त्याच्याच ओळीखाली मी माझ्या अक्षरात तारीख टाकलीय.

---

उद्यमनगरी_टर्नर | शनिवार, रात्री १०:४०

पोरगं विचारतंय, त्या पोशनचे १४ बाइट वाचायला लागला तर सुरुवात कुठनं करू.